चंद्रोदयापर्यंत थांबलेला चिवडा

निवृत्त झाल्यावर मी चिवडा चाखण्याच्या कामाला लागलो. बायको घरी चिवडा करून घोटीच्या एका दुकानदाराला पाठवते. धंदा तिचा, मेहनत तिची. मी फक्त एक नियम घालून दिला होता : मी चव घेतल्याशिवाय पिशव्या बंद करायच्या नाहीत. ऑफिसात माझ्या सहीशिवाय कागद हलत नसे, ती सवय जिभेवर उतरली होती.

एका सकाळी दुकानदाराचा फोन आला. "वहिनी, चिवडा लय भारी हाय, पण कधी येईल त्याचा भरवसा नाय. आज नाय पोचला तर दुसरीकडून घेईन मी."

बायकोने पोहे तळायला घेतले. मी मदत म्हणून फ्लोचार्ट काढायला बसलो. मोबाइलवर नुकताच शिकलो होतो : काम चौकटीत, निर्णय तिरक्या चौकोनात, मध्ये बाण. उशीर कुठे होतो ते त्यात दिसतं म्हणे. माझा संशय तळणीवर होता. पोह्यांपासून एसटीपर्यंत सगळं मांडून कागद मी ऐटीत ओट्यावर ठेवला.

"हा तिरका कशाला?"

"तिथे ठरतं. चव बरोबर असेल तर माल पुढे, नाहीतर मागे."

"मागे कधी आलाय?"

एकदाही नाही.

"आणि आज काय आहे?"

संकष्टी. घोटीची गाडी संध्याकाळी जाते आणि माझा उपास चंद्र दिसल्यावर सुटतो. मागच्या खेपेला एकादशी होती, त्याआधी सोमवार. माझे उपास तसे बरेच. साबुदाण्याची खिचडी आवडते.

"अहो, चंद्रालाही एक चौकट काढा मग," ती झारा निथळत म्हणाली.

मी तिरका चौकोन खोडला. मसाल्याचा बाण सरळ पिशव्यांकडे गेला. कागद एकदम सुटसुटीत दिसायला लागला, आणि त्यात मी कुठेच नव्हतो. ऑफिसातही आता कागद असेच सरळ जात असतील.

"खोकं स्टँडवर कोण नेणार?" तिने विचारलं.

एसटीच्या आधी एक चौकट राहिलीच होती. ती काढली, चपला घातल्या आणि खोकं उचललं.

स्टँडवर कंडक्टरने वास घेतला. "चिवडा का, काका? कसा झालाय?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. "बायकोने केलाय. चांगलाच असेल."