रथसप्तमीपर्यंतचा लाडू

ताईला समोरच्या दातांनी काहीही तोडता येत नसे. खालचा जबडा पुढे आलेला आणि दात मिटले तरी मध्ये करंगळी जाईल एवढी फट. वडापाव ती हाताने मोडून खायची, पेरू सुरीने कापून. नोकरी लागल्यावर तिने जबड्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ऑपरेशन म्हणजे अपेंडिक्स नाहीतर मोतीबिंदू. हाड कापून मागे सरकवणार हे कळल्यावर शेजारणी विचारत, "लग्नासाठी का गं?"

"पेरूसाठी," ताई सांगायची.

आधी बरेच महिने दातांना क्लिपा होत्या. मग डिसेंबरात ठाण्याला ऑपरेशन झालं. हाड जुळेपर्यंत वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून ठेवले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी तार कापायची छोटी पक्कड दिली. उलटी झाली तर ताबडतोब तारा कापायच्या. आईने ती देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. वडिलांनी एकदा ती फ्यूज बांधायला उचलली, तेव्हा आई जे बोलली ते समोरच्या बिल्डिंगपर्यंत पोचलं.

ताईला बोलता येत होतं, पण आवळलेल्या दातांतून. "आई, पाणी दे" हेसुद्धा धमकीसारखं वाटे. जेवण म्हणजे वरणाचं पाणी, ताक आणि मिक्सरमधून काढून गाळलेला भात. खालच्या मजल्यावरचे काका रोज सोबतीला येत. त्यांचे सगळे दात गेलेले, आणि कवळी बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात.

"तुझ्या दुकानाला नुसतं कुलूप आहे," ते म्हणत. "आमचं दुकानच उठलं."

त्यातच संक्रांत आली. येणारा प्रत्येकजण ताईच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोल म्हणे, आणि ताई दात आवळून "हो" म्हणे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "चिडलीय का माझ्यावर?"

लाडू डब्यात साठत गेले. त्यांत आईचेही होते. आई पाक नेहमी जरा पुढे नेई, त्यामुळे काका तिचा लाडू खलबत्त्यात कुटून खात. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. तोवर तारा निघतात का, एवढीच ताईला काळजी होती.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तारा निघाल्या. तोंड मात्र थोडंच उघडत होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं, "अजून काही आठवडे मऊच. बोटाने दाबलं की मोडेल असं."

डबा बाद झाला. आईने पाक न करता साधा गूळ, तिळाचा कूट आणि भरपूर तूप घेऊन नवे लाडू वळले. काकांनी कवळी खिशातच ठेवून नुसत्या हिरड्यांनी एक खाऊन पाहिला.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "इतकी वर्षं हा कुठे लपवून ठेवला होतात?"

ताईने जमेल तेवढं तोंड उघडलं आणि समोरच्या दातांनी लाडूचा कडेचा तुकडा तोडला. तो हळूहळू जिभेवर विरघळू देत तिने उरलेला लाडू उजेडात धरला. वरच्या दातांची खूण आणि खालच्या दातांची खूण एकाच रेषेवर येऊन थांबली होती.

बाकीचा तिने खाल्ला नाही. बशीत घालून टीव्हीवर ठेवला आणि येईल त्याला दाखवला. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या, तेव्हा आई बशी उचलायला गेली.

"उद्या टाक," ताई म्हणाली. "कल्याणच्या मावशीने अजून पाहिला नाहीये."