मुलं किती?

घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. मोठ्यांविषयी लिहायचा मला अधिकार नाही, चुकलं तर माफ करा.

घर वडिलांना आणि काकांना देणारं मृत्युपत्र आजोबा नोंदवत होते. ते शुद्धीवर आहेत ना, हे पाहायला नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "बाबा, मुलं किती?"

"दोन. दोघंही मुलगेच."

त्यांच्या काखेत हात घालून त्यांना धरून उभी असलेली आत्या, त्याच घरात राहून त्यांचं सगळं करणारी त्यांची मुलगी, हसली. "लिहा साहेब. शुद्धीवर आहेत."

भ्रमात विसरलेलं आपण सोडून देतो. शुद्धीत विसरलेलं कुठे ठेवायचं, मला ठाऊक नाही. आत्याचे हात मात्र ढिले पडले नाहीत.

काल होस्टेलवर वडिलांचा फोन आला. आजोबा गेले, आणि तेरावं झालं की घर सोड, असं आत्याला सांगितलंय.