त्या खरेदीखतावरची दुसरी सही

आजवर कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. सोलापुरात मी ज्या फसवणुकीचा तपास केला आणि ज्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, ती फसवणूक माझ्या सहीशिवाय झालीच नसती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कोर्टाच्या कामासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जाणं होई. कोर्टाला लागूनच दस्तनोंदणीची कचेरी. बाहेर लिंबाखाली दस्त लिहून देणारे बाँडरायटर टेबलं मांडून बसत. दस्त नोंदवताना लिहून देणारा माणूस तोच आहे, असं सांगणारे दोन ओळखीचे इसम लागतात. खरे ओळखीचे कोण शोधत बसणार? मग जो जवळ असेल त्याला बोलवायचं. गणवेशातला माणूस असला तर रजिस्ट्रार मान वर करूनही बघत नसे. एका म्हाताऱ्या बाँडरायटरकडे मी नेहमी चहा प्यायचो. तो म्हणायचा, "साहेब, एक सही टाका की, गरिबाचं काम हाय." मी टाकायचो. समोर कोण बसलाय, ते बघायचोसुद्धा नाही.

एके सकाळी ठाण्यात एक बाई आली. विड्या वळून आणि नवऱ्याच्या कापडाच्या मागावरच्या कमाईतून तिनं तीन मजली इमारतीतला एक ब्लॉक घेतला होता. घरात तेलुगू बोलणारी माणसं, मराठी त्यांच्याच वळणाची. ठाणे अंमलदार नेहमीचं वाक्य म्हणत होता, "बाई, हा दिवाणी मामला. कोर्टात जा."

"कोर्टात कुटं जाऊ साहेब? आमी पैसे दिलो, कागद घेतलो, ऱ्हायला आलो. आता ब्यांकेचा मानूस दाराला नोटीस चिकटवून गेला. ब्लॉक गहाण हाय, खाली करा म्हनतेत. लेकरं घेऊन कुटं बसू, सांगा की!"

मीही तेच सांगणार होतो. खरं तर तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तिनं खरेदीखत पुढे केलं. शेवटचं पान उलटलं, तर ओळख देणाऱ्यांत पहिला तो म्हातारा बाँडरायटर आणि दुसरा मी. सहीखाली हुद्दा नव्हता. नाव म्हणून नुसतं आडनाव, सोलापुरात गल्लोगल्ली सापडणारं, आणि पुढे 'रा. सोलापूर'. नोंदणीला घेणाऱ्यानं हजर राहावं लागत नसे, त्यामुळे तिनं मला तिथं पाहिलं नव्हतं.

"बसा अक्का," मी म्हणालो. "फिर्याद लिहून घेतो." अंमलदार माझ्याकडे बघतच राहिला.

बँकेत गेलो. ब्लॉकच्या मालकाचं मूळ खरेदीखत तिथल्या तिजोरीत, कर्जाला तारण म्हणून ठेवलेलं. बाईला दाखवली होती ती नोंदणी कचेरीतून काढलेली नक्कल. ती कोणालाही अर्ज करून मिळते. विकणाऱ्यानं तिला सांगितलं होतं, अस्सल कागद सोसायटीत सहीला गेलेत. बँकेकडे कर्जदाराचा पत्ता तोच, ब्लॉकचा. म्हणजे वाट खुंटली.

इमारतीखालची जमीन मात्र एका देवस्थानाच्या मालकीची, नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. देवस्थानच्या कारकुनाला विचारलं, या ब्लॉकची विक्री झाली तेव्हा तुमची परवानगी घेतली होती का? तो म्हणाला, "विक्री? अहो, मालक दरवर्षी जागेचं भाडं कुर्डुवाडीहून मनीऑर्डरीनं पाठवतो की." त्यानं मनीऑर्डरीची कुपनं काढून दाखवली. त्यावर रेल्वे वर्कशॉपचा पत्ता होता.

कुर्डुवाडीत मालक सापडला. गोंधळून गेला बिचारा. "साहेब, मी विकलंच न्हाय, तर त्या बाईनं घेतलं कुणाकडनं?" ब्लॉक भाड्यानं देऊन त्या भाड्यातून बँकेचे हप्ते भरायचं काम त्यानं मेव्हण्यावर सोपवलं होतं. मेव्हण्यानं हप्ते थांबवले आणि स्वतःच मालक बनून ब्लॉक विकला.

मेव्हण्याला आणलं. चौकशीच्या खोलीत आम्ही तिघंच: तो, मी आणि आमचे जुने हवालदार. मी दरडावून विचारलं, "मालक म्हणून उभा राहिलास, तुला ओळखलं कुणी?"

तो हसला. "साहेब, इसरला व्हय? तुमीच ओळखला की मला."

हवालदारांनी त्याला पाणी दिलं, मला बाहेर घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "साब, वो दूसरी सही किसकी है, पढने में नै आती." एवढंच. पुन्हा हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

मी तेच लिहिलं: दुसऱ्या इसमाचा शोध लागला नाही. मेव्हण्यावर तोतयेगिरी आणि फसवणूक लागली. म्हाताऱ्या बाँडरायटरचा परवाना गेला. जबाबात त्यानं माझं नाव घेतलं नाही. तो आता हयात नाही. त्याची माफी मागायची वेळ मी घालवली.

पण बाईचं घर? मालकानं विकलेलं नाही म्हटल्यावर तिचा कागद रद्दीच. मी कुर्डुवाडीला पुन्हा गेलो, या खेपेला बाईला घेऊन. मालकानं बायकोकडे पाहिलं. बोलली ती त्याची बायको, म्हणजे आरोपीची सख्खी बहीण. "भावानं घेतलं ते आपन घेतल्यावानीच हाय. हिला बाहेर काढून मला जेवन जाणार न्हाय. द्या लिहून." भावानं त्या पैशातून घेतलेले माग विकले, उरलेलं नवराबायकोनं घातलं, बँकेचं कर्ज फिटलं, अस्सल कागद सुटले. देवस्थानानं परवानगीचं पत्र दिलं. मी किती महिन्यांनी नीट झोपलो, ते मलाच ठाऊक.

नवा दस्त नोंदवायला सगळे त्याच कचेरीत जमले. रजिस्ट्रारनं विचारलं, "ओळख देणारे कोण?"

बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब हायेत की! त्यांच्यापरीस कोन वळखतंय?"

मी मालकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता. बाहेर आल्यावर बाईनं एक चादर माझ्या हातात दिली. नको नको म्हणालो, तर म्हणाली, "तुमच्यामुळं घर ऱ्हायलं साहेब." ती चादर मी आजपर्यंत अंगावर घेतलेली नाही.

पुढे लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, ब्लॉक घेतोय साहेब, काय बघू? मी सांगायचो, नकलेवर जाऊ नका, अस्सल कागद मागा. बँकेत आहेत म्हणाला, तर त्याच्याबरोबर बँकेत जा. जमीन पट्ट्याची असेल तर किती वर्षं उरलीत आणि जमीनमालकाची परवानगी आहे का, ते जमीनमालकालाच विचारा. चौथी गोष्ट मात्र मी गिळायचो. ती आज लिहितो: ओळख देणारे विकणाऱ्याला खरंच ओळखतात का, ते विचारा. तिथं साहेब उभा असला तरी विचारा.

त्या कचेरीतल्या दोन बाडांत माझ्या दोन सह्या आहेत. बाई अजून त्याच ब्लॉकमध्ये राहते आणि तिला फक्त दुसरीच ठाऊक आहे. पहिलीबद्दल तिच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.