माकणीच्या झाडीतली पांढरी छत्री

लोहाऱ्याहून निघालेली एसटी माकणीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा दत्ता गमछा खांद्यावर टाकून उभाच होता. आम्ही दोघांनी एकाच कचेरीत तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर तो गावी आला, मी पुण्यातच राहिलो. जेवायला सुशीलावहिनींनी भाकरी, शेंगांची चटणी आणि तांदुळजाची भाजी वाढली. जेवता जेवता मी सांगितलं, की मी अळंबीवर दोन दिवसांचं शिबिर केलंय.

"म्हंजे आता वळखता?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणाच्या कडेनं फिरायला गेलो. पाऊस उघडला होता. लिंब-बाभळीच्या झाडीत, गवतात, ताटलीएवढ्या पांढऱ्या अळंब्या उगवल्या होत्या. टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं. मी पिशवी काढली. शेजारी शेळ्या राखणाऱ्या भागीरथीबाई बघत होत्या.

"दादा, ती कुत्र्याची छत्री हाय, इषारी. आमी वारुळावरची खातो. ही न्हाय."

मी त्यांना समजावलं, की विषारी असेल तर शिजवताना लसूण काळा पडतो. त्यांनी शेळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

घरी आल्यावर वहिनींनी कढई द्यायला नकार दिला. "भावजी, लसूण तुमचा, पोट बी तुमचंच. माझी कढई न्हाय मिळायची."

मग मी चहाच्या पातेल्यात अळंबी परतली. लसूण शेवटपर्यंत पांढराशुभ्र राहिला. मी तो दत्ताला दाखवला. "आधी तू खा," तो म्हणाला, "मी मागून खातो." अशी मैत्री. मी चार फोडी खाल्ल्या. चव खरोखर चांगली होती, हे आजही कबूल करतो.

दोन तासांनी मी अंगणातल्या न्हाणीत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. ओकाऱ्या, जुलाब, पोटात पीळ. भिंतीला धरून उभं राहावं, तर भिंतच हलतेय असं वाटायचं. दत्तानं शेजाऱ्याची जीप आणली. निघताना वहिनींनी उरलेल्या अळंब्या कागदात गुंडाळून बरोबर घेतल्या. मला वाटलं, पुरावा म्हणून.

लोहाऱ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं आणि कागद उघडून अळंबी उलटी केली. खालचे पापुद्रे हिरवट पडले होते. "हे बघितलं नव्हतं?"

"लसूण पांढरा होता," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"काका, लसणाला विष कळत नाही. चांदीच्या नाण्यालाही नाही. शिजवून विष जाईलच असंही नाही." मग त्या गंभीर झाल्या. "तुम्हाला दोन तासांत उलटी झाली. काही अळंब्या आठ-दहा तास काहीच करत नाहीत. मग उलट्या होतात, मधेच बरं वाटतं, माणूस घरी जातो. तोवर यकृत खराब होत असतं. तुम्ही ह्या एकाच जातीच्या खाल्ल्या ना? नक्की?"

मला नक्की सांगता येईना. पिशवीत काय काय भरलं होतं, हे सगळ्या ओळखणाऱ्या माणसाला आठवत नव्हतं. मी घाबरलो, अगदी मनापासून. दोन दिवस त्यांनी मला ठेवून घेतलं आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. दत्ता खाटेशेजारी बसून होता; त्या दोन दिवसांत तो एकदाही हसला नाही. रक्त ठीक आल्याचं कळलं, तेव्हा मात्र खुर्ची धरून हसला.

परतीच्या दिवशी फाट्यावर भागीरथीबाई भेटल्या. मी विचारलं, वारुळावरची तरी पक्की कशी ओळखता?

"देठ लांब मुळीसारका वारुळात खोल जातो. तरी सासूबाईनं बघितल्याबगर चुलीवर चढवत न्हाय. शंका आली की टाकून देतो. दरसाल लई टाकतो."

पुण्यात परतल्यावर आमच्या शिबिराच्या गटावर कुणीतरी एक फोटो टाकला: खाण्याजोगी आहे का? पूर्वी मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं असतं. या वेळी लिहिलं, "मला ओळखता येत नाही. खाऊ नका." असं त्या गटावर आजवर कुणी लिहिलं नसावं.