अप्पांच्या छातीवरच्या वायरी

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लातूरच्या हृदयरोग विभागात ठेवलं तेव्हा वायरी जोडायच्या आधीच वाद झाला. सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा. अप्पा म्हणाले, "इष्टलिंग अंगावेगळं होत न्हाई, जीव गेला तरी." शेवटी इष्टलिंग ठेवलेली चांदीची डबी, करडगी, एका बाजूला सरकवून तिनं छातीवर पट्ट्या चिकटवल्या, बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला आणि मॉनिटरवर हिरवी रेघ धावायला लागली.

आत एकालाच बसू देत. माझं सासर लातुरातच, म्हणून मीच बसायचे. बसून बसून तिथली भाषा यायला लागली. ठोके आपल्या चालीत नीट पडत असले की साइनस ऱ्हिदम. चाल वाढली की टॅकी, मंदावली की ब्रॅडी. मधेच एखादा आगाऊ ठोका घुसला तर तो एक्टोपिक. अप्पांचं सगळं साइनस. मी पेज भरवली, ठोके चौसष्ट. पाय चेपले, तरी चौसष्ट.

मग धाकटा भाऊ पुण्याहून आला. तो आत गेला, मी काचेबाहेर उभी. तो पलंगाशी पोचतो न पोचतो तोच रेघ वेडीवाकडी उसळली, आकडा एकशे तीसवर गेला, अलार्म वाजला. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. दिवाळीला दोन दिवस तोंड दाखवणाऱ्या पोराला पाहून यांचं काळीज नाचतं, आणि मी काय इथली खुर्ची आहे?

दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मी काळजीचा सूर लावून सिस्टरला सांगितलं, "भावाला आत सोडू नका, अप्पांना टॅकी होतो."

ती काचेपाशी येऊन उभी राहिली आणि हसली. "ताई, टॅकी न्हाई हो. लेकाला बघितलं की ते करडगी उचलून डोळ्याला लावतेत, त्यानं वायर हालते. ह्याला आर्टिफॅक्ट म्हणतेत. खाली बोटाच्या चिमट्याचा आकडा बघा, चौसष्टच हाय."

मला इतका आनंद झाला की त्या दुपारी मी डब्यातल्या दोन्ही भाकरी खाल्ल्या. भावाला आग्रहानं चहासुद्धा पाजला. काळीज जागेवरच होतं, नुसता हात हलला होता. आता तो हात माझ्यासाठी एकदाही उचलला गेला नव्हता, हे हात धुताना लक्षात आलं, तेवढंच जरा लागलं.

संध्याकाळी भाऊ पुण्याच्या गाडीला गेला आणि मी आत जाऊन बसले. अप्पांचे दोन्ही हात पांघरुणाखाली होते.

"गेला काय गं?"

"हाव, गेला."

"जेवून गेला का न्हाई?"

इतक्या दिवसांत मी जेवले का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत हिरव्या रेघेवरचे ठोके जवळजवळ यायला लागले. मी उठून छातीवरच्या पट्ट्या पाहिल्या, सगळ्या घट्ट होत्या. हात जागचे हलले नव्हते. वरचा आकडा चढत होता, आणि त्याच्या बरोबरीनं बोटाचाही.

सिस्टरनं टेबलावरूनच विचारलं, "वायर हालली काय, ताई?"

"न्हाई," मी म्हणाले, "हे खरे ठोके हायत."