मोजणीत नसलेली म्हैस

डॉ. सदानंद ठोंबरे यांच्याशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात असलं चालेल का, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, खुशाल लिहा.

दहिवलीच्या खालच्या अंगाला, नदीच्या दोन धारांमध्ये आमचं बेट आहे. दहा-बारा घरं, घरोघरी गुरं, आणि पावसाळ्यात ये-जा करायला टायरच्या ट्यूबवर फळ्या बांधलेला तराफा. मी तिथं नवी सून होते. पावसाच्या आधी डॉक्टरसाहेब गुरांसाठी घटसर्पाची लस घेऊन आले. या रोगात जनावराचा गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि दिवसभरात सगळं आटोपतं. त्यांनी दारात विचारलं, "मावशी, गुरं किती?"

"तीन हायत," सासूबाई म्हणाल्या.

चौथी, आमची एकुलती दुभती म्हैस, करंजाच्या आड बांधलेली होती. आमच्याकडे गाभण जनावर मोजणीत धरत नसत. मोजलं की दृष्ट लागते, गाभ पडतो म्हणत. मला ते ठाऊक होतं. मी गप्प राहिले.

पुढे दोन्ही धारा भरल्या आणि एका सकाळी म्हशीनं चारा सोडला. गळा हा एवढा सुजलेला! डॉक्टरसाहेबांना फोन केला. तराफा आदल्याच दिवशी वाहून गेला होता. तरीही औषधं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पोहणाऱ्या म्हशीची शेपटी धरून डॉक्टरसाहेब अलीकडे आले. एक चप्पल नदीनं घेतली होती.

"हिला तर मी टोचलंच नाही," ते म्हणाले.

मी एकदम उसळले. "मग नीट बघायचं होतं ना! पगार कशाचा घेता?"

बापरे, काय ती माझी जीभ! आज आठवलं तरी मान खाली जाते. ते इंजेक्शनं देत राहिले. दुपारी म्हैस गेली, पोटातल्या वासरासकट. सासूबाई तिच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. डॉक्टरसाहेब शेजारी चिखलातच बसले.

"मावशी, चूक माझी. मी तुम्हाला विचारत बसलो. गोठ्यात दावी किती, ते बघायला हवं होतं."

मग खोल खड्डा खणायला त्यांनी स्वतः फावडं घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी बेटावर कुणाला आकडा विचारला नाही. गोठ्यात शिरायचे, दावी मोजायचे, रिकाम्या दाव्याकडे बोट दाखवून नुसते हसायचे. पुढे त्यांनीच मला पशुसखीचं काम शिकवलं, म्हणजे गावातल्या गुरांची देखभाल आणि प्रथमोपचार.

यंदा लसीच्या दिवशी सासूबाई स्वतःच म्हैस ओढत पुढे आल्या. "डाक्टर, चार हायत. ही गाभण हाय, पयली हिलाच टोचा. आन् घाबरू नका, मी धरते."

डॉक्टरसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मलाही राहवलं नाही. त्यांना नदीपर्यंत सोडायला गेले, तेव्हा मी सांगून टाकलं, "साहेब, त्या वेळी म्हैस लपवलेली मला माहीत होती."

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही फार मोठ्यानं ओरडत होता."

इतकी वर्षं त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही, अगदी मलासुद्धा. अशा माणसाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, हे आम्हा बेटकरांचं मागणं. आणि साहेब, त्या दिवशीची माफी मी अजून मागितलेली नाही. ती इथं, सगळ्यांसमोर मागते.