जीभ आत ठेवायची!

मंडळी, घरी येऊन अजून चहाही घेतला नाही, आधी हे सांगते.

आमच्या शाळेत मी पहिली ते चौथीच्या मुलांना गाणं शिकवते. गाताना चुकलं की मुलं जीभ बाहेर काढतात, कानाला हात लावतात, मग सगळे हसतात आणि गाणं तिथंच बुडतं. म्हणून महिनाभर मी एकच ओरडत होते, "चुकलं तर चुकलं, जीभ आत! गाणं पुढे न्या."

आज हिंगणीला समूहगीताची स्पर्धा होती. दुसऱ्या कडव्यात माझंच बोट भलत्या पट्टीवर पडलं. पेटी केकाटली आणि मी घाबरून हातच उचलला.

माझी बारकी पोरं मात्र जागची हलली नाहीत. नजर समोर, टाळीवर ठेका, पेटीशिवाय अख्खं कडवं गायली! ध्रुवपदाला मी मुकाट्यानं पेटी धरून त्यांच्या सुरामागे गेले.

मंचावरून उतरल्यावर दुसरीतली पूर्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, आमी तं जीभ आत ठेवली. तुमची काऊन बाहेर आली?"

निकाल उद्या आहे. मला काही घाई नाही.

आपल्याच विद्यार्थ्यांची बोलणी तुम्ही कधी खाल्लीत का? मी आज पोटभर खाल्ली.